न मोजलेले फोन

"काय वं, दिनभर मोबाईलवरच ऱ्हास, त्याना पगार भेटस?" हा आमच्या धुळ्याच्या मावशीचा प्रश्न. हळदीकुंकू असो की लग्नाची पंगत, मला तो ठरलेला. मावशीला तरी काय बोलणार? छापील पेपरात होते तेव्हा सांगणं सोपं होतं. सकाळी दारात पेपर पडायचा आणि "यातलं दोन नंबरचं पान आमच्या पोरीने लावलंय" असं आई शेजारणीला उघडून दाखवायची. आता दाखवायचं काय? बातमी सहा वाजून दहा मिनिटांनी लागते, सातपर्यंत तिच्या डोक्यावर दहा बातम्या येऊन बसतात, आणि आईने चष्मा शोधून मोबाईल हातात घेईपर्यंत माझी बातमी मलाच हुडकावी लागते.

मैत्रिणींनो, जिल्हा आवृत्तीत आठ वर्षं उपसंपादक म्हणून काढल्यावर २०१९ मध्ये मी डिजिटल बातम्यांच्या एका कंपनीत आले. कंपनीचं ऑफिस मोठ्या शहरात, माझं टेबल जळगावात, घराच्या मधल्या खोलीत. खान्देशच्या बातम्या बघणाऱ्या आम्ही चौघी. दोघी जळगावच्या, एक धुळ्याची, एक शिरपूरची. तालुक्यातले वार्ताहर व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर आणि फोटो टाकतात, आम्ही बातमी लिहितो, मथळा देतो, आणि तुमच्या मोबाईलवर जे 'टिंग' वाजतं ना, ते पाठवतो. पत्रकारितेचा कोर्स करणाऱ्या मुली भेटल्या की विचारतात, "मॅडम, या लाइनमध्ये यावं का?" पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

या कामातला सगळ्यात मोठा साहेब म्हणजे एक आकडा. आमच्यासमोर दिवसभर एक स्क्रीन उघडी असते. कोणती बातमी या क्षणी किती जण वाचताहेत, कुठून आले, किती सेकंद थांबले, सगळं त्यात दिसतं. वाढलं की हिरवं, घसरलं की लाल. छापील पानात कोणी काय वाचलं ते कधीच कळायचं नाही. फार तर एखादं पत्र यायचं, तेही शुद्धलेखनाची चूक दाखवणारं. इथे दोन मिनिटांत निकाल लागतो. रोज बारा बातम्यांचं टार्गेट, महिन्याला वाचकांचं टार्गेट, आणि दर सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कोणाचा आकडा किती ते सगळ्यांसमोर.

आमच्या भागात हमखास चालतं काय? सोनं! जळगाव म्हणजे सुवर्णनगरी. सराफ बाजारातला भाव आम्ही टाकला की दहा मिनिटांत आकडा वर. २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळा लाखाला भिडला, त्या दिवशी तर आमची स्क्रीन दिवाळीसारखी हिरवीगार झाली होती. त्यानंतर रावेर-यावलच्या केळीचा भाव, उन्हाळ्यात भुसावळचं तापमान, आणि पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे. यात हसण्यासारखं काही नाही हं. ज्या घरात वैशाखात लग्न आहे तिथे सोन्याचा भाव ही पहिल्या पानाचीच बातमी असते, आणि तापीकाठी ज्यांचं शेत आहे त्यांना हतनूरच्या ४१ पैकी किती दरवाजे उघडले हे वेळेवर कळायलाच हवं.

पण हतनूरचंच घ्या. दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की कुणीतरी व्हिडिओ पाठवतं. फेसाळतं पाणी, वर लिहिलेलं "आत्ताचा, लवकर टाका". निम्म्या वेळा तो मागच्या वर्षीचा निघतो. हे कळायला एकच उपाय, फोन. पाटबंधारे खात्याच्या कार्यालयाला एक, धरणाजवळच्या ओळखीच्या माणसाला एक. साहेब जेवायला गेलेले असतात, ओळखीच्या माणसाला रेंज नसते. सहा-सात मिनिटं जातात. तेवढ्यात दुसरीकडे तो व्हिडिओ लागलेला असतो, धडाधड वाचला जात असतो, आणि आपण मागे पडलो हे लाल अक्षरांत समोर दिसतं. मी केलेले दोन फोन मात्र त्या स्क्रीनवर कुठेच नसतात. बातमी खोटी निघाली म्हणून लावली नाही, तर त्या वेळेचा हिशोब शून्य. बारातली एक बातमी कमी भरली, बस्स.

माझं भांडण आहे ते एवढ्याच गोष्टीशी. आणि ते खान्देशातल्या बाईने तरी मांडायलाच हवं, कारण न केलेल्या फोनची किंमत आपल्या मातीने मोजलेली आहे.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक बाजारात उतरले होते. गावोगाव फिरून मागून खाणं हीच त्यांची पिढ्यानपिढ्यांची रीत. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर मेसेज फिरत होते, मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणून. जमावाला संशय आला आणि पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारण्यात आलं. पाच माणसं! कोणाचंही मूल हरवलं नव्हतं.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ आठवतोय? मोटरसायकलवरचे दोघे येतात आणि गल्लीतून मूल उचलून नेतात. माझ्या आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही तो आला होता. मुळात ती पाकिस्तानातल्या कराचीत केलेली एक जनजागृतीची फिल्म. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि "मुलांकडे लक्ष ठेवा" अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचा तेवढा भाग कापला. लेकरांच्या काळजीने आपल्यासारख्या बायकांनीच तो पुढे पाठवला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. राईनपाड्याचा पाचही घरांना त्याचा काय उपयोग?

मी तेव्हा छापील पेपरात होते. डिजिटलमध्ये यायचं ठरवलं तेव्हा घरचे म्हणाले, "जिथे अफवा पिकतात तिथे चाललीस." मी म्हटलं, पिकतात म्हणूनच तिथे खुरपायला कोणीतरी हवं.

दुसरी घटना अलीकडची. २२ जानेवारी २०२५, संध्याकाळी पाचच्या सुमारास. माझी शिफ्ट चालू होती. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस पाचोऱ्याजवळ परधाडे आणि माहेजीच्या दरम्यान थांबली. डब्यात आग लागल्याची आवई उठली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर जीव गेले. आग नव्हतीच.

आता आमच्या टेबलावर काय चाललं होतं ते सांगते. पहिला मेसेज आला, "पुष्पकला आग, अनेक ठार." मथळा तयार, बोट बटणावर. आमच्यातल्या सर्वात लहान मुलीने, तिचं नोकरीतलं पहिलंच वर्ष, विचारलं, "आग बघितली कोणी?" साधा प्रश्न. एकीने भुसावळ विभागाच्या रेल्वे कार्यालयाला फोन लावला, दुसरीने पाचोऱ्याच्या वार्ताहराला. तो मोटरसायकलवर निघाला होता, वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. आम्ही लावलेल्या पहिल्या बातमीत 'आग' हा शब्द बातमी म्हणून नव्हता, अफवा म्हणून होता. मृतांचा आकडाही आम्ही थांबवला, कारण तो रात्रभर बदलत राहिला. मृतांमध्ये नेपाळचेही लोक होते. नाव चुकीचं गेलं तर इतक्या लांब कुणाच्या तरी घरात भलत्याच माणसासाठी रडारड. म्हणून यादी अधिकृत येईपर्यंत नावंही नाहीत.

दुसऱ्या दिवशी कौतुक झालं असेल असं वाटतंय ना? मीटिंगमध्ये विचारलं गेलं, "आपण अकरा मिनिटं उशिरा का?" विचारणारा माणूस वाईट नव्हे. त्याच्याही समोर एक स्क्रीन आहे, आणि त्याच्या वरच्याच्या समोर आणखी मोठी. फोनचा हिशोब ठेवायची जागाच नसल्यामुळे उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं.

आणि आता जरा आपल्या घरातलं बोलू. सोनं, केळी, हतनूर सोडलं तर सगळ्यात जास्त वाचलं जातं ते बायकांच्या दुःखाचं. 'विवाहितेने उचललं टोकाचं पाऊल.' 'प्रेमप्रकरणातून भयंकर घडलं.' 'सुनेने जे केलं ते वाचून बसेल धक्का.' हे मथळे कोण वाचतं? स्क्रीनवर ढोबळपणे तेही दिसतं, आणि मैत्रिणींनो, वाचणाऱ्यांत आपणच मोठ्या संख्येने असतो. दुपारी जेवणं आटोपल्यावर, भांडी घासायच्या आधीच्या त्या अर्ध्या तासात. मी दोष देत नाही. शेजारच्या गावातल्या लेकीबाळीचं काय झालं ही काळजीही त्यात असते, नुसती चव नसते.

पण आत काय घडतं ते ऐका. पोलिसांच्या टिपणात चार ओळी असतात. तालुक्यातून मयत मुलीचा फोटो येतो. कुठून? तिच्याच व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरून. लग्नातला शालू नेसलेला, हसरा. तो लावला की आकडा तिप्पट होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. "प्रेमप्रकरण" हा शब्द टिपणात नसतो, "चर्चा आहे" म्हणून पाठवणारा घालतो. तो शब्द मथळ्यात गेला की पुन्हा आकडा वर. मुलगी तर गेली, पण तिची आई त्याच गावात, त्याच नळावर पाणी भरणार असते. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं.

बलात्काराच्या घटनेत पीडितेची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे, तिचा मृत्यू झाला तरीही. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये दिली आहेत. पद्धत सांगू नका, सनसनाटी करू नका, फोटो शक्यतो वापरू नका, मदत कुठे मिळते ते द्या. आम्ही चौघींनी स्वतःपुरता नियम केला. डीपीचा फोटो नाही. 'टोकाचं पाऊल' नाही. टिपणात नसलेलं कारण नाही. माहेरच्यांशी बोलणं शक्य असेल तर आधी एक फोन, आणि ते बोलायच्या मनःस्थितीत नसतील तर फोन ठेवायचा. पहिल्या दोन महिन्यांत आमचा आकडा इतका खाली आला की "खान्देश डेस्कला प्रॉब्लेम काय आहे?" अशी विचारणा झाली. प्रॉब्लेम हाच.

एक सांगून ठेवते. तुमच्या घरातल्या कुणाबद्दल अशी बातमी चुकीची लागली तर गप्प बसू नका. बहुतेक मोठ्या पोर्टलांच्या पानाच्या अगदी तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ई-मेल असतो. बातमीची लिंक आणि काय चुकीचं आहे ते चार ओळींत लिहून पाठवा. फोनवर भांडण्यापेक्षा लेखी तक्रारीचा धाक जास्त. आमच्याकडे तरी लेखी आलं की हालचाल होते.

आता घरून काम करण्याची गोष्ट. बाहेरून सुखाचं दिसतं. मुलीला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, खोलीचं भाडं नाही, संध्याकाळी घरातच. आमच्या शिरपूरच्या मैत्रिणीला याच कामामुळे लग्नानंतर नोकरी सोडावी लागली नाही, ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण घरात असलेली बाई सगळ्यांना मोकळीच वाटते. दूधवाला, गॅसवाला, सासूबाईंच्या गोळ्या, आणि "जरा दोन मिनिटं ये ना". आमच्या कामात दोन मिनिटं म्हणजे केवढी असतात ते वर लिहिलंच आहे. सकाळी सहाच्या शिफ्टसाठी पाचला उठून पोळ्या करणाऱ्या मुली मला माहीत आहेत. एकीने तर कुकरच्या शिट्ट्या ऐकू जाऊ नयेत म्हणून मीटिंगच्या आधी वरण शिजवून ठेवण्याची सवय लावून घेतली. ऑफिसातल्या पुरुषांना हा त्रास नाही; त्यांच्या मीटिंगमध्ये शिट्टी होत नाही, कारण कुकर दुसरं कोणीतरी बघत असतं.

म्हणून येणाऱ्या मुलींना माझं स्पष्ट सांगणं आहे, नियुक्तीपत्र घेतल्याशिवाय बसू नका. "आधी तीन महिने बघू", "बातमीमागे इतके देऊ" यावर पदव्या घेतलेल्या मुली वर्षानुवर्षं काम करतात. पत्रकारांसाठीचा जुना कायदा १९५५ चा, तो छापील वर्तमानपत्रांपुरता होता. नव्या कामगार संहितांमध्ये पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमं आली आहेत, नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालं आहे, आणि या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. कागदावर आलेलं प्रत्यक्षात यायला वेळ लागतो हे आपल्याला काही नवीन नाही. पण मागायला आता आधार आहे. आणि कमेंटमध्ये शिव्या येतील, त्याचीही तयारी ठेवा. पुरुष सहकाऱ्याच्या बातमीखाली बातमीला शिव्या असतात, आमच्या बातमीखाली आम्हाला. मी तर तिथे नाव देणंच बंद केलं होतं. आमच्यातल्या धाकटीने मात्र हट्टाने स्वतःचं पूर्ण नाव चालू ठेवलंय. असो.

गेल्या दोन-तीन वर्षांत एआय आलं. चार मुद्दे टाकले की बातमी तयार, शुद्धलेखन आमच्यापेक्षा बरं. "आता तुमचं काय?" असं लोक विचारतात. ते पाचोऱ्याच्या वार्ताहराला फोन लावणार नाही, आणि माहेरच्या बाईचा आवाज कापरा झाला तर फोन ठेवणारही नाही. भीती मला यंत्राची कमी वाटते. भीती याची वाटते की, जे मोजलंच जात नाही ते गेलं तरी कंपनीला कळणार नाही.

बायकांनी हे काम वेगळ्या पद्धतीने करून दाखवलंय. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ मध्ये 'खबर लहरिया' नावाचं पत्र सुरू झालं. ते चालवणाऱ्या सगळ्या बायका, बऱ्याचशा दलित समाजातल्या, मजकूर स्थानिक बोलीत. पुढे त्यांनी छापील अंकाकडून मोबाईलकडे मोर्चा वळवला. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्या बायका गावात जाऊन दारात उभ्या राहतात आणि प्रश्न विचारतात. मला आपल्याकडे अहिराणीत असं काहीतरी बघायला फार आवडेल. नंदुरबारच्या पाड्यांपासून चाळीसगावापर्यंत कितीतरी बायका आहेत ज्यांना गावातलं सगळं आधी ठाऊक असतं आणि खरं कोणतं, खोटं कोणतं हेही कळतं.

तोपर्यंत आम्ही चौघींनी एक छोटी गोष्ट केली आहे. शिफ्टचा जो रोजचा तक्ता कंपनीला जातो, त्यात बातमी, वेळ, वाचक असे रकाने असतात. आम्ही त्यात चौथा रकाना घातला: 'कोणाला फोन केला'. सुरुवातीला वरून विचारणा झाली की हे काय नवीन. आम्ही म्हटलं, राहू द्या, तुम्हाला त्रास नाही. चार महिने झाले, तो रकाना अजून आहे. पगारवाढीत त्याला गुण नाहीत, पण नागपूरच्या डेस्कवाल्यांनी परवा त्याची नक्कल मागवून घेतली. कालच्या रात्रपाळीच्या तक्त्यात त्या रकान्यात अकरा नोंदी होत्या. त्यांपैकी तीन बातम्या लागल्याच नाहीत. त्यात एक मुलं पळवणाऱ्या टोळीची होती.